बडोद्याची मुलगी, गोल्फ आणि अमेरिका: एका आईला उत्तर

ताई, तुम्ही विचारलंत की मुलगी अकरावीत आहे, लक्ष्मी विलास पॅलेसच्या गोल्फ कोर्सवर खेळत मोठी झाली, आता तिला गोल्फमध्येच करिअर करायचंय. तर बारावीनंतर तिला लगेच प्रोफेशनल होऊ द्यावं की अमेरिकेत कॉलेजला पाठवावं, आणि खर्च कसा झेपेल? मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. टेक्ससमधल्या एका छोट्या कॉलेजकडून खेळलो, नंतर काही काळ मिनी टूरवर, म्हणजे छोट्या प्रो स्पर्धांच्या मालिकेत, होतो, आता इथे अमेरिकेतच शिकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. तिचा हौशी (अमॅच्युअर) दर्जा आत्ता सोडू नका. एकदा प्रोफेशनल म्हणून नाव नोंदवलं की कॉलेज गोल्फचं दार जवळपास बंदच होतं. उलट कॉलेजमधून निघून प्रो होण्याचा रस्ता कायम उघडा असतो.

तुम्ही भारताची गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण दिलंत. ती कॉलेजला न जाता थेट प्रो झाली, हे खरं. पण तिने वयाच्या सतराव्या वर्षी, डिसेंबर २०१५मध्ये, मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा चक्क जिंकली होती आणि मगच २०१६मध्ये प्रो झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळली, इंडियन ओपन जिंकली. टोकियोत एका फटक्याने तिचं पदक हुकलं, तेव्हा तिची बॅग उचलणारी कॅडी तिची आईच होती. तुमची मुलगी अशा पात्रता स्पर्धेत कुठे उभी राहते ते आधी बघा. भारतातल्या महिलांच्या प्रो टूरवर हौशी मुलींनाही खेळता येतं, बक्षिसाची रक्कम फक्त घेता येत नाही. त्यातल्या चार-पाच स्पर्धा खेळवा. घरी बसून केलेल्या चर्चेपेक्षा तिथलं स्कोअरकार्ड जास्त सांगेल.

प्रोच्या पोटापाण्याचं गणित लोकांना बाहेरून दिसत नाही. पगार नाही. बहुतेक स्पर्धांत दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर होतात, आणि त्यात गेलं की हातात शून्य. विमान, हॉटेल, एंट्री फी आणि कॅडीचे आठवड्याचे पैसे मात्र द्यावेच लागतात. मिनी टूरवर तर बक्षिसाची रक्कम बरीचशी खेळाडूंच्याच एंट्री फीमधून उभी राहते. दोन दिवस पारच्या (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांच्या) आसपास खेळून एका फटक्याने बाहेर पडलेली माणसं शनिवारी सकाळी मोटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत बॅगा भरत असतात आणि शेजारच्याच खोलीतला, कट पार केलेला, बूट घालून सरावाच्या रेंजवर निघालेला असतो. खेळात दोघांत फरक असा नसतोच. एखादा चार फुटांचा पुट, म्हणजे होलजवळचा हलका फटका. हे वर्षानुवर्षं सोसायला मागे पैसा लागतो, नाहीतर पदवी. अमेरिकेत बक्षीस मिळालं तरी परदेशी खेळाडूचा साधारण ३० टक्के कर आधीच कापला जातो.

कॉलेजमध्ये हाच अनुभव दुसऱ्याच्या खर्चाने मिळतो. मुलींसाठी संधी मुलांपेक्षा जास्त आहेत. फक्त डिव्हिजन १च्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, नावामागे धावू नका. जीव मिल्खासिंग टेक्ससच्या अ‍ॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळून १९९३मध्ये डिव्हिजन २चा वैयक्तिक विजेता झाला आणि पुढे युरोपियन टूरवर पोहोचलेला पहिला भारतीय ठरला. संघात आठ-नऊ जणी असतात, स्पर्धेला पाच जातात, त्यातल्या चौघींचे स्कोअर धरतात. म्हणजे शिष्यवृत्ती मिळूनही दर स्पर्धेआधी आपल्याच मैत्रिणींशी खेळून जागा मिळवावी लागते. मोठ्या कॉलेजात बाकावर बसण्यापेक्षा छोट्या कॉलेजात दर आठवड्याला खेळणं केव्हाही चांगलं.

आणखी एक, जे बडोद्यात कुणी सांगणार नाही. आपल्याकडे बॅग कॅडी उचलतो. इथे कॉलेजच्या बऱ्याच स्पर्धांत पहिल्याच दिवशी ३६ होल, म्हणजे दोन पूर्ण राउंड, असतात, बॅग आपली आपण न्यायची, वर टेक्ससचा वारा. आठवड्यातून दोन दिवस तिला कॅडीशिवाय खेळायला लावा, आजपासूनच. तिसाव्या होलनंतर पाय थकले की स्विंग आधी बिघडतो. ग्रीनची (होलभोवतालच्या बारीक कापलेल्या गवताची) काळजी नको, बर्म्युडा गवताचा ग्रेन, म्हणजे पाती कुठे झुकतात ते, वाचायची सवय तिला आहे आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तेच गवत भेटेल.

प्रशिक्षकांना ईमेल तिने स्वतः लिहायची, तुम्ही नाही. स्विंगचा व्हिडिओ समोरून आणि मागून, छोटाच. ते आधी स्कोअर बघतात: कोर्स किती यार्डांचा, पार किती, किती राउंड. क्लबातल्या मित्रांबरोबरचा ६९ फटक्यांचा राउंड कुणी मोजत नाही, इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धेतला ७५ मोजतात. नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात, त्यामुळे अभ्यास सोडून चालणार नाही.

शिष्यवृत्तीचा कागद ओळीओळीने वाचा. १९१३मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हाही परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. इथल्या अटी वेगळ्या: अनेक ठिकाणी शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने ठरते, शिवाय ती पूर्ण खर्चाची असेलच असं नाही. राहणं, जेवण, विमा कशात धरलाय ते लेखी घ्या. जाहिरातींतून कॉलेजकडून खेळणाऱ्या अमेरिकन मुली कमावतात तसं विद्यार्थी व्हिसावर करायला जाऊ नका, व्हिसाच धोक्यात येतो. पदवीनंतर वर्षभर विषयाशी संबंधित काम करता येतं, पुढचा व्हिसा मात्र कठीण. माझा प्रश्न लग्नामुळे सुटला. त्यावर कुणी बेत आखू नये. म्हणून पदवीचा विषय असा निवडा, की ती परत आली तरी उपयोगी पडेल.

जेवणाखाण्याचं सोडा, ते जमतं.

तिचे गेल्या वर्षभराचे सगळे स्पर्धेतले स्कोअर, वाईट राउंडसकट, कोर्सच्या यार्डांसह मला पाठवा. कुठल्या दर्जाच्या कॉलेजांना लिहावं ते मी बघून सांगतो. तोवर प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही एजन्सीला पैसे भरू नका.