बारा वर्षांचे साहेब, पंचविशीचा पोरगा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. वर्गात त्यांना ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ लावलंय. कॉलेजात असताना मी ते वाचून ढसाढसा रडले होते. आपलेही वडील ॲटिकस फिंचसारखे असते तर, असं वाटायचं. पण मुलाचा काळा मित्र म्हणतो, त्याला हे पुस्तक मुळीच आवडत नाही. पुस्तक तर वर्णद्वेषाच्या विरोधातच आहे ना? मग काय खटकत असेल?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : त्या मित्राला काय खटकतं ते तुमच्या मुलाने त्यालाच विचारलेलं बरं. मला काय खटकतं ते सांगते. हे पुस्तक मी बरीच वर्षं शिकवलं, पण शिकवताना ते लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर हौस म्हणून कोर्टाचा भाग मराठीत करायला बसले आणि अडकले.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी : हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० सालची, गोष्ट १९३०च्या दशकातल्या अलाबामाची. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस त्याचा वकील. गोष्ट सांगते ॲटिकसची मुलगी स्काउट.

इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत भागत नाही. ॲटिकस टॉमला पहिला प्रश्न विचारतो तिथेच माझं पेन थांबलं. ‘तू’ लिहू की ‘तुम्ही’? मग मी वही घेतली आणि पुस्तकात कोण कुणाला काय म्हणतं ते उतरवत गेले. टॉम पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला, तीन लेकरांचा बाप. सरकारी वकील त्याला ‘बॉय’ म्हणतो, म्हणजे ‘पोरा’. हा तर विरुद्ध बाजूचा, म्हणेलच. पण टॉमचा मालक लिंक डीस भर कोर्टात उठून ओरडतो की या पोराने आठ वर्षं माझ्याकडे काम केलं, कधी वावगं वागला नाही. टॉमची बाजू घेणाऱ्याच्या तोंडीही ‘पोरगा’च. ॲटिकस नुसतं ‘टॉम’ म्हणतो आणि टॉम त्याला ‘मिस्टर फिंच’.

याच खटल्यात ॲटिकस मेयेलाला ‘मिस मेयेला’, ‘मॅम’ म्हणतो. उकिरड्यालगत राहणारी, गावाने वाळीत टाकल्यासारखी पोर ती. तिला वाटतं हा आपली टिंगल करतोय. तिला असं आदराने कधी कुणी बोललंच नसणार, असं स्काउटच्या मनात येतं. टॉमला कुणी ‘मिस्टर’ म्हणत नाही, हे मात्र या हुशार मुलीच्या लक्षातही येत नाही.

घरातही तेच. कॅलपर्निया ही स्वयंपाकीण, आईवेगळ्या मुलांना तिनेच वाढवलेलं. मुलं तिला ‘कॅल’ म्हणतात. समोरच्या मॉडीबाई मात्र ‘मिस मॉडी’. आणि स्काउटचा भाऊ जेम बारा वर्षांचा झाल्यावर कॅलपर्निया त्याला ‘मिस्टर जेम’ म्हणू लागते. मी ‘जेमसाहेब’ लिहिलं आणि लिहिताना कसंसंच झालं. (आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई साठीच्या होत्या. मी दुसरीत असल्यापासून त्यांना ‘ए, इकडे ये’ म्हणत असे. त्या मला ‘ताई’ म्हणत.)

हा काही लेखिकेच्या कल्पनेचा खेळ नाही. १९६३ साली अलाबामातल्याच गॅड्सडेन गावी, कोर्टात, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मेरी हॅमिल्टन यांना सरकारी वकिलाने ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, म्हणाल्या. न्यायालयाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड! प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ साली तिथे ती शिक्षा रद्द झाली. म्हणजे कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळून तीन वर्षं झाली होती.

पुस्तक टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. टॉमचा डावा हात लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला, मेयेलाला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आणि तिचा बाप डावखुरा. हे सगळं कोर्टात ज्या सावकाशीने उलगडतं ती कारागिरी मोठीच आहे. पण टॉमवर सगळं सभागृह बिथरतं ते वेगळ्याच कारणाने. तिची कामं फुकट का करत होतास, असं विचारल्यावर तो म्हणतो, मला तिची कीव यायची. पुरावा एकीकडे राहिला. काळ्याने गोरीची कीव केली! कीव वरच्याने खालच्याची करायची असते. हे कळणारी लेखिका टॉमला घरी, बायकोजवळ बसून एक संवादही बोलू देत नाही. तो कोर्टात दिसतो, आणि मग तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या लागून मेल्याची बातमी येते. रडायला मिळतं ते आपल्याला आणि ॲटिकसच्या मुलांना.

माझ्या भाषांतरात ॲटिकस टॉमला ‘तू’च म्हणतो. ‘तुम्ही’ घालून पाहिलं होतं, खोटं वाटलं. एक जुन्या सहकारी रागावल्या, ॲटिकसला तू खाली ओढलंस म्हणाल्या. मी बदललं नाही.

प्रश्न : मुलीला तेराव्या वाढदिवसाला ‘हकलबेरी फिन’ द्यायचंय. काळ्यांसाठीची ती शिवी काढून तिथे ‘गुलाम’ घातलेली आवृत्ती मिळते. ती घेऊ का?
– एक वडील, सांगली

उत्तर : मार्क ट्वेनचं मूळच घ्या, आणि सोबत बसून वाचा. तो शब्द त्यात दोनशेहून जास्त वेळा येतो, हे खरं. २०११ साली निघालेल्या त्या आवृत्तीमागचा हेतूही वाईट नव्हता. पण ‘गुलाम’ ही कायद्याने लादलेली अवस्था झाली. शिवी कायद्याने सुटत नाही. सहाव्या प्रकरणात हकचा दारुडा बाप बरळतो तो भाग काढून पाहा. ओहायोहून आलेला एक काळा माणूस त्याने पाहिलाय : पांढराशुभ्र सदरा, सोन्याचं घड्याळ, चांदीच्या मुठीची काठी. कॉलेजात प्रोफेसर, अनेक भाषा येणारा, आणि आपल्या राज्यात मत देऊ शकणारा! म्हाताऱ्याचा जळफळाट होतो तो याचाच, की हा गुलाम नाही. तो पुन्हा पुन्हा शिवी देतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. इथे शब्द बदलला तर उताऱ्यातला जीवच जातो.

मार्क ट्वेन हकलाही सोडत नाही. पळालेल्या गुलाम जिमला पकडून देण्यापेक्षा नरकात जाईन, असं ठरवणारा हा मुलगा पुढच्याच प्रकरणात सॅलीमावशीला थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. कुणाला लागलं का? नाही, एक काळा मेला. नशीब, म्हणते मावशी, कधी कधी माणसं जखमी होतात हो. आणि बाई प्रेमळ आहे!

वर्गात मी तो शब्द गाळून वाचायचे. एकदा तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आला. म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला गावात ज्या नावाने हाक मारतात, तेही तुम्ही असंच गाळाल का?’ मी अभ्यासक्रमाबद्दल काहीतरी पुटपुटले. पुढच्या वर्षापासून तो शब्द पहिल्या दिवशी एकदाच मोठ्याने वाचायचा, कुणी कुणाला आणि कशासाठी म्हटला ते सांगायचं, आणि पुढे ओळीवर फक्त बोट ठेवायचं, असं सुरू केलं. तुम्हीही तेच करा.

प्रश्न : हे सगळे गोरे लेखक झाले. दुसऱ्या बाजूने लिहिलेलं एकच पुस्तक सुचवा.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टोनी मॉरिसन यांचं ‘बिलव्हेड’, १९८७चं. अवघड आहे, पहिली पन्नास पानं दमवतील. पण वर नावाचा विषय निघालाच आहे, तर त्यातला एक प्रसंग सांगते. एक म्हातारी गुलाम बाई. तिचा मुलगा तिचं स्वातंत्र्य विकत घेतो आणि मालक गार्नर स्वतः म्हातारीला गाडीतून पोहोचवायला निघतो. हा गार्नर स्वतःला चांगला मालक समजणारा. वाटेत ती धीर करून विचारते, तुम्ही सगळे मला जेनी का म्हणता? तो म्हणतो, विक्रीच्या पावतीवर तेच होतं. तुझं नाव जेनी नाही? ती सांगते, नाही. नवऱ्याचं आडनाव सग्ज आणि तो मला ‘बेबी’ म्हणायचा. गुलामीतून सुटलेल्या बाईला ‘बेबी सग्ज’ शोभत नाही, जेनीच राहू दे, असा गार्नरचा सल्ला. ती मनात म्हणते, नवऱ्याची माझ्याकडे तेवढीच खूण उरलीये. मी कुणी जेनी होऊन बसले तर तो मला शोधणार कसा?