छोट्या ऑफिसला कोणती लॅन केबल टाकावी: कॅट 5ई, कॅट 6 की कॅट 7?

तुमची गरज मला कळली ती अशी: इंदूरला रामबागेत जुन्या घराच्या दोन मजल्यांवर सीए ऑफिस, दहा-बारा टेबलं, चार आयपी कॅमेरे, दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट. आणि दुकानदार कॅट 7 गळ्यात मारतोय.

कॅट 7 नका घेऊ. तिच्या मूळ मानकातला कनेक्टर आपला नेहमीचा लॅनचा प्लग, आरजे45, नाहीच. शिवाय तिच्या शील्डला (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला) नीट अर्थिंग लागतं, आणि जुन्या घरांत अर्थिंगचीच बोंब असते. कॅट 5ई वर 1 जीबीपीएसचा वेग 100 मीटरपर्यंत आरामात मिळतो, म्हणजे आजचं काम भागेल. पण भिंती फोडायची मजुरी दोन्हीला सारखीच, म्हणून मी कॅट 6 च टाकेन. पुढेमागे 10 जीबीपीएस लागलं तर ती साधारण 37 ते 55 मीटरपर्यंत तेही देते. तिच्या वरची कॅट 6ए जाड आणि ताठ. जुन्या पाइपांतून ओढताना कारागीर शिव्या देतो.

खरी मेख वेगळीच आहे. महाराणी रोडच्या बाजारात ‘कॅट 6’ मागितलीत की बऱ्याचदा सीसीए पुढे येते: ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा. खोक्यावर अक्षरं तीच, भाव मात्र बराच कमी. ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखी चमकली तर परत करा. 305 मीटरचं खोकं उचलूनही कळतं, ते संशय यावा इतकं हलकं लागतं. ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देऊन, कॅमेरे चालवायचे तर हे नडतंच. दिवसा सगळं ठीक, रात्री इन्फ्रारेड दिवे लागून कॅमेरा जास्त वीज ओढू लागला की तो रीस्टार्ट होत बसतो आणि सगळे कॅमेऱ्याला दोष देतात.

प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट द्या, एक पुरत नाही. सगळ्या केबल एकाच रॅकमध्ये पॅच पॅनलवर (जॅकच्या पट्टीवर) आणा, टेबलापाशी आयओ बॉक्स (भिंतीवरचा जॅकचा डबा) बसवा. भिंतीतून आलेल्या केबलला थेट प्लग क्रिंप करून कॉम्प्युटरला जोडू देऊ नका. ती तार एकसंध असते, सारखी हलली की तुटते. भिंतीतली केबल 90 मीटरच्या आत ठेवा. तुमच्याकडे तेवढी लागणारही नाही. लाइटच्या वायरचा पाइप वेगळा हवा. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात. जॅकपाशी केबलमधल्या तारांच्या जोड्यांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उसवू नये, दोन्ही टोकांना तारांचा रंगक्रम 568बी. आणि नंबरची चिठ्ठीही दोन्ही टोकांना, कारण चिठ्ठीशिवाय रॅक उघडणाऱ्या पुढच्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

काम संपल्यावर नुसते आठ दिवे लागणाऱ्या टेस्टरवर समाधान मानू नका. तारा क्रमाने जोडल्यात एवढंच तो सांगतो. जोड्यांची सरमिसळ झाली असली तरी सगळे दिवे लागतात. ठेकेदाराकडून सर्टिफायर मशीनचा (केबल मानकात बसते का हे मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागा, तोही पैसे चुकते करण्याआधी.

मागच्या अंगणातल्या वेगळ्या खोलीतही कॅमेरा हवा असेल, तर तिथवर तांब्याची केबल नेऊ नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की स्विचचे पोर्ट जातात. त्या एका टप्प्याला फायबर (वीज न वाहणारी काचेची केबल) टाका.