तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : एमआरआयचा कन्सोल (पल्स देणारी आणि सिग्नल घेणारी यंत्रणा)

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पात कायमचुंबक वापरून ५० मिलिटेस्लाचा छोटा एमआरआय बांधतो आहोत. फंक्शन जनरेटरने पल्स देतो, यूएसबी डिजिटायझरने सिग्नल घेतो. सिग्नल येतो, पण दर वेळी फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) वेगळी असते आणि चित्र एकाच दिशेला पसरून धूसर होते. प्रोग्रॅममध्ये चूक सापडत नाही.
– अभियांत्रिकीचे विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : प्रोग्रॅम बाजूला ठेवा आणि घड्याळे मोजा. जनरेटरचे एक आणि डिजिटायझरचे एक, अशी तुमच्याकडे दोन आहेत, हीच अडचण आहे. ५० मिलिटेस्लाला प्रोटॉनची वारंवारता २.१३ मेगाहर्ट्झ. दोन क्रिस्टलांत दशलक्षात एका भागाचा फरक असला, तरी सेकंदाला फेजचे दोन फेरे होतात. स्वस्त क्रिस्टलांत फरक याहून जास्तच असतो. फेज-एन्कोडिंगची (चित्राची एक दिशा फेजमधून टिपण्याची) प्रत्येक ओळ वेगळ्या पल्सनंतर नोंदली जाते, म्हणून चित्र त्याच दिशेला बिघडते.

खात्री करून घ्या. पॉवर ॲम्प्लिफायर आणि कॉइल सोडवा, जनरेटरचे आउटपुट ६० डेसिबलच्या ॲटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणाऱ्या जोडणीतून) थेट डिजिटायझरला द्या आणि सेकंदाला एक अशा शंभर पल्स नोंदवा. फेज इथेच फिरली तर दोष घड्याळाचा. इथे स्थिर राहिली आणि नमुना लावल्यावर भटकली, तर चुंबकाचे तापमान बदलते आहे. निओडिमियमचे क्षेत्र अंशाला साधारण ०.११ टक्क्याने घटते, म्हणजे वारंवारता सुमारे २.३ किलोहर्ट्झने. २० किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि ६४ पिक्सेल असतील तर चित्र सात पिक्सेल सरकेल. एसी बंद-चालू होणाऱ्या खोलीत हे घडणारच. चुंबकाभोवती थर्माकोलची पेटी करा आणि प्रत्येक स्कॅनआधी एक साधा सिग्नल घेऊन वारंवारता नव्याने लावा.

दोन्ही उपकरणांना १० मेगाहर्ट्झचा एकच संदर्भ जोडून अर्धेच काम होते. पल्स सुरू करण्याचा हुकूम लॅपटॉप देत असेल, तर त्याचा मिलिसेकंदांचा उशीर तसाच राहतो आणि इथे एका मायक्रोसेकंदातच दोन फेरे होतात. पल्स, ग्रेडियंट (जागेनुसार क्षेत्र बदलणाऱ्या कॉइलींचा प्रवाह) आणि रिसीव्हर उघडण्याचा इशारा हे तिन्ही एकाच एफपीजीएमधून (प्रोग्रॅम करता येणाऱ्या डिजिटल चिपमधून) सुटले पाहिजेत. रेड पिटाया बोर्डावर चालणारे ओक्रा आणि मार्कोस हे खुले आराखडे हेच करतात. सुरुवात तिथून करा.

प्रश्न : पल्स संपल्यावर रिसीव्हर बराच वेळ आंधळा राहतो. डायोड लावले आहेत. पल्सपासून रिसीव्हर वाचवणारी पाव-तरंगाची (तरंगलांबीच्या पाव लांबीची) केबल किती लांब घ्यावी?
– वडाळा

उत्तर : साध्या कोॲक्स केबलची लांबी २३ मीटर भरेल, तेव्हा तो नाद सोडा. त्याऐवजी तेच काम करणारे π (पाय) आकाराचे जाळे करा : मध्ये ३.७ मायक्रोहेन्रीची कॉइल, दोन्ही टोकांना ग्राउंडकडे १५०० पिकोफॅरडचे कपॅसिटर. टी-५०-२ या लाल टोरॉइडवर (लोहचूर्णाच्या कड्यावर) २७-२८ वेढे बसतात. फेराइट मात्र चुंबकाजवळ नेऊ नका, तो संपृक्त होतो. रिसीव्हरच्या टोकाला उलटसुलट जोडलेले १एन४१४८ डायोड. कपॅसिटर सिल्व्हर मायका किंवा एनपी० (तापमानाने मूल्य न हलणारा सिरॅमिक प्रकार) हवेत. लॅमिंग्टन रोडवर नुसते ‘सिरॅमिक’ मागितले तर हाती भलतेच पडू शकते, ज्याचे मूल्य तापमानाने आणि व्होल्टेजने हलते.

एवढे करूनही आंधळेपणा उरला तर डायोडांना दोष देऊ नका. कॉइलचा क्यू (ती किती वेळ घुमत राहते याचे माप) १०० असेल तर तिचे घुमणे साधारण एक-तृतीयांशावर यायची मुदत १५ मायक्रोसेकंद. शंभर व्होल्टवरून मायक्रोव्होल्टवर यायला तिला अशा अठरा मुदती, म्हणजे पावणेतीनशे मायक्रोसेकंद लागतात. दहा मिलिसेकंदांचा स्पिन एको (पल्सनंतर ठरावीक वेळाने परतणारा सिग्नल) घेत असाल तर याने काही बिघडत नाही. मात्र त्या वेळात पॉवर ॲम्प्लिफायर खरोखर बंद आहे ना, हे पाहा. नुसता पल्स न देता चालू ठेवला, तरी त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो.

प्रश्न : लिफ्ट चालली की स्पेक्ट्रममध्ये सुया उगवतात.
– परळ

उत्तर : कॉइलच्या जागी ५० ओहमचा रोध लावा. सुया गेल्या तर त्या कॉइलमधून, हवेतून येत होत्या : चुंबकाभोवती ॲल्युमिनियमचे बंद खोके करा, अर्थिंग एकाच बिंदूला द्या. बहुतेक जण एक गोष्ट विसरतात : ग्रेडियंटच्या तारा खोक्यात शिरतात तिथेच फिल्टर हवा, नाहीतर त्या तारा अँटेना होतात. एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जरही संशयित आहेत. चार्जर काढून बॅटरीवर एकदा मोजा.

प्रश्न : चाचणीसाठी हात घालून पाहिला तर?
– डोंबिवली

उत्तर : नको. आरएफ (रेडिओ लहरींच्या) उष्णतेवर देखरेख नसलेल्या यंत्रात माणसाचा कुठलाच भाग जात नाही. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम मोरचूद टाका. नुसत्या पाण्याला सिग्नल परतवायला काही सेकंद लागतात, यात ते काम सेकंदाच्या आत होते. बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तर चित्रात काळे भोक दिसेल.