सातचा तास आणि मागणीचा वक्र

गेल्या अंकात ओघाओघात लिहून गेले, की मी २६ वर्षं सकाळी सातच्या तासाला अर्थशास्त्राची मूलतत्त्वं शिकवली आणि त्याआधी एक वर्ष त्याच वेळी, त्याच विषयाला, बाकावर बसून पेंगले. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी महागाईवरच्या अख्ख्या लेखमालेवर आली नव्हती. त्यांतली काही इथे घेते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. आठवड्यातले चार दिवस सातला अर्थशास्त्र असतं. पाच चाळीस, पाच पन्नास आणि सहा असे तीन गजर लावते. वेळेवर पोचते, हजेरी देते, लिहूनही घेते; पण संध्याकाळी वही उघडली की अक्षर माझं आणि मजकूर परक्याचा वाटतो. एका पानावर तर वाक्य अर्धवट राहिलंय आणि पेनाची रेघ घसरत पार समासात गेलीये. दुपारी मानसशास्त्र असतं, ते छान कळतं. पहिल्या चाचणीत अर्थशास्त्रात २० पैकी ७ मिळाले. मला अर्थशास्त्र जमत नाही की सकाळ जमत नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर : ती घसरलेली रेघ माझ्याही वहीत होती. माझी तर ‘मागणी म्हणजे’ या दोन शब्दांनंतर सुरू झाली होती.

तू जे विचारतेस ना, तोच खरं तर अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तुझं अर्थशास्त्र नेहमी सकाळी आणि मानसशास्त्र नेहमी दुपारी. विषय आणि वेळ दोन्ही एकदम बदलतात, मग गुण कुणी खाल्ले हे सांगणार कोण? प्रत्येक नियमाआधी ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं आपण घोकतो, ते याच अडचणीसाठी. माझ्या वर्गात ते शब्द मुलं मंत्रासारखे म्हणायची आणि मंत्राइतकेच समजून घ्यायची.

ही गाठ तिघा अर्थतज्ज्ञांनी सोडवून पाहिली आहे. कॅरेल, मघाकियन आणि वेस्ट यांचा तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या हवाई दलाची जी अकादमी आहे, तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपलं वेळापत्रक निवडता येत नाही. कुणाला पहिला तास येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि दांडी मारायची सोय नाही. म्हणजे ‘हुशार मुलं मुद्दाम उशिराचा तास घेतात’ किंवा ‘सकाळी मुलं येतच नाहीत’ या दोन्ही पळवाटा बंद. तरीही ज्यांना आठच्या आधीचा तास आला, त्यांचे गुण कमी पडले. आणि ते फक्त त्या तासाच्या विषयात पडले नाहीत. त्या दिवशी असलेल्या सगळ्याच विषयांत पडले. म्हणून तुझं मानसशास्त्र ‘छान कळतं’ यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. कदाचित तेही याहून छान कळलं असतं.

शरीराचं म्हणशील, तर किशोरवयात आतलं घड्याळ पुढे सरकतं. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. विशीच्या सुरुवातीपर्यंत हे असंच चालतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं याच्या शोधाला २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे सहाचा गजर तुझ्या शरीराला मध्यरात्री दार वाजवल्यासारखा वाटतो, यात तुझा दोष नाही.

पण सगळा दोष सकाळचा, असंही मी म्हणणार नाही. सुट्टीच्या दिवशी, झोप पुरी झाल्यावर, अकराच्या सुमारास एक धडा घेऊन बस. ज्या धड्याची चाचणी दिलीस तोच घे आणि त्यातलेच प्रश्न पुन्हा सोडव. बरे सुटले, तर अडचण वेळेची. पुन्हा तिथेच अडखळलीस, तर ती विषयाची, आणि मग ती कुठे आहे याचा माझा एक अंदाज आहे. मागणीचा वक्र म्हणजे कोणत्या किमतीला लोक किती घेतील हे दाखवणारी रेघ. त्या वक्रावरून सरकणं आणि तो वक्रच सरकणं, या दोन गोष्टी तू एक समजतेयस.

पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत याच एका जागी सर्वांत जास्त गुण जातात. छत्री स्वस्त झाली म्हणून लोकांनी जास्त छत्र्या घेतल्या, तर वक्र जागच्या जागी असतो. आपण त्याच्यावरून खाली उतरतो. याला मागणीचा विस्तार म्हणायचं. छत्रीची किंमत तीच आहे, पण आभाळ भरून आलं म्हणून लोक धावले, तर वक्र उचलून उजवीकडे ठेवायचा. ही मागणीतली वृद्धी. शब्द इतके जवळचे आहेत, की पूर्ण जाग्या माणसाचाही गोंधळ व्हावा. त्यात आकृतीही उलटी! गणितात जे आधी ठरतं ते आडव्या अक्षावर असतं आणि त्यावर जे अवलंबून असतं ते उभ्यावर. आपण मात्र किंमत उभ्या अक्षावर टांगतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये तशी मांडली, ती पद्धत रूढ झाली आणि अजून कुणी बदललेली नाही. शाळेत गणित चांगलं असलेली मुलं इथे जास्त फसतात.

तेव्हा सातच्या तासाला सगळं उतरवून घेण्याचा नाद सोड. व्याख्या पुस्तकात असतात, त्या पळून जात नाहीत. फळ्यावर आकृती येईल तेव्हा मात्र तिच्याबरोबर हात चालव : आधी अक्षांना नावं, मग रेघ, मग बाण. एका तासात तीन आकृत्या जागेपणी काढल्यास, तरी मी तो तास वसूल झाला म्हणेन. आणि आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं पुढचा धडा चाळ. अर्धवट जागं डोकं नवं शिकायला नाखूश असतं, पण ओळखीचं दिसलं तर मान हलवतं.

प्रश्न : रात्री झोपताना मी शंभर टक्के ठरवतो, की उद्या पहिल्या गजराला उठायचं. सकाळी मात्र जो माणूस गजर बंद करतो, तो मी नसतोच. पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत सातचे सहा तास बुडाले. यावर अर्थशास्त्रात काही आहे का, की नुसताच निर्धार कमी पडतो?

उत्तर : भरपूर आहे. २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना विभागून मिळालं, त्यांतले एक थॉमस शेलिंग. पारितोषिक मिळालं ते संघर्ष आणि सहकार्य यांच्या अभ्यासाला, पण त्यांनी माणसाच्या स्वतःशीच चाललेल्या भांडणावरही लिहिलंय. रात्रीचा तू आणि सकाळचा तू हे दोन वेगळे पक्ष आहेत असं समज. रात्रीच्या पक्षाकडे शहाणपण आहे, सकाळच्या पक्षाकडे हात आहेत. मग रात्रीच्या पक्षाने काय करावं? घड्याळ खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवावं, म्हणजे ते बंद करायला उठावंच लागेल. हे उदाहरण त्यांचंच.

आणि गंमत म्हणजे त्याच २००५ साली, त्याच अर्थशास्त्र विषयातलं ‘इग नोबेल’, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांचं पारितोषिक, गौरी नंदा यांना मिळालं. एमआयटीत शिकत असताना त्यांनी चाकं लावलेलं गजराचं घड्याळ बनवलं. ते वाजतं, टेबलावरून उडी मारतं आणि पळून लपतं. त्याला शोधेपर्यंत माणूस जागा होतो. दोन्ही पारितोषिकं एकाच वर्षी एकाच दुखण्याच्या आसपास फिरली, याची मला अजून मौज वाटते.

निर्धाराबद्दल माझं मत विचारशील, तर तो रात्री फुकट मिळतो म्हणून रात्री भरपूर असतो. तू मोडायला महाग पडेल असं काहीतरी कर. मी विद्यार्थिनी असताना मैत्रिणीची वही मुद्दाम घरी न्यायचे. सातला पोचले नाही तर ती वहीशिवाय बसणार आणि दिवसभर माझ्याशी बोलणार नाही. निर्धाराने मला एकदाही उठवलं नाही, तिच्या अबोल्याने मात्र वर्षभर उठवलं.

जाता जाता एक सांगते. एखादी वस्तू जसजशी जास्त मिळते, तसतसं पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान कमी होतं, असं आपण शिकवतो. ‘घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत अंथरुणात लागू पडत नाही, कारण पुढची पाच मिनिटं आधीच्या पाचांपेक्षा गोड असतात’, असं एका मुलाने अपवादांच्या यादीत लिहिलं होतं. मी त्याला त्याचा गुण दिला नाही. तेवढा द्यायला हवा होता.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. पहाटे उठवताना घरात रोज महाभारत. आम्ही नाही का पहाटे उठून अभ्यास केला? हा आळसच नव्हे काय?

उत्तर : तुम्ही उठत होतात हे खरं असेल. पण झोपत किती वाजता होतात, तेही आठवून पाहा.

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. साडेपाचला उठायचं, तर साडेनऊला झोप लागलेली हवी, आणि त्या वयाचं शरीर साडेनऊला झोपायला तयार नसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये म्हटलं, की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांसाठी तसा कायदाच लागू झाला. तुमच्या हातात कायदा नाही, पण रात्री घरातले दिवे आणि सगळ्यांचेच फोन किती वाजता बंद होतात, ते आहे. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही.

प्रश्न : मी या वर्षी नव्याने शिकवू लागलो. नव्या माणसाला सातचा तास देतात, तसा मलाही मिळाला. प्रश्न विचारला की साठ चेहरे माझ्याकडे बघतात आणि एकही ओठ हलत नाही. मी वाईट शिकवतोय का?

उत्तर : अजून सांगता येणार नाही. मी मात्र एकदा नक्की वाईट शिकवलं, ते आधी ऐका.

शिकवायला लागून तिसरं वर्ष होतं. रात्री पेपर तपासत जागले होते. सातला फळ्यावर समतोल किंमत, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात ती किंमत, काढली, वक्रांना नावं दिली, आणि पुरवठ्याच्या वक्राला मागणी म्हटलं, मागणीच्याला पुरवठा. त्यावर वीस मिनिटं बोलले. किंमत वाढली की मागणी वाढते, असं मी आवाज चढवून सांगत होते आणि अख्खा वर्ग ते निमूटपणे उतरवून घेत होता. तास संपताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग महाग झाल्यावरच लोक जास्त घेतात का?” मी फळ्याकडे वळून पाहिलं आणि खडू खाली ठेवला. तेव्हा लक्षात आलं, की या खोलीत ती एकटी जागी आहे. मी स्वतःलाही झोपलेल्यांत धरलं.

तेव्हापासून सातला मी व्याख्येने सुरुवात केली नाही. त्यांना उभं केलं.

ही युक्ती जुनी आहे. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांकडून वर्गातच खोटा बाजार भरवत. त्यावरचा त्यांचा लेख १९४८ चा. त्या बाजारात विद्यार्थी म्हणून भाग घेतलेले व्हर्नन स्मिथ पुढे स्वतः मूलतत्त्वं शिकवू लागले आणि १९५५ मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की बाजार समतोलापाशी पोचतो कसा, हे मुलांना पटवणं अवघड जातंय. पुढच्या सत्राच्या पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात बाजार भरवला. त्या वाटेने जाता जाता २००२ मध्ये नोबेलपर्यंत पोचले. तुम्हाला तिथवर जायचं नाही, साडेसातपर्यंत पोचलात तरी पुरे.

अर्ध्या वर्गाला ग्राहक करा, अर्ध्याला विक्रेते. ग्राहकाच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती देईन तो आकडा, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर कमीत कमी किती घेईन तो. चिठ्ठी कुणी कुणाला दाखवायची नाही. भाव ओरडून करायचा, सौदा ठरला की आकडा फळ्यावर. पहिल्या फेरीत आकडे कुठेही जातील, तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत एका जागी गोळा होऊ लागतील. मग चिठ्ठ्या उघडून त्यांच्यावरूनच दोन्ही वक्र काढा आणि ते कुठे छेदतात, ते मुलांनाच बघू द्या. शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. माझ्या वेळी आली होती, आणि करणारे सहकारी पुढच्या आठवड्यात दारात उभे राहून बघत होते.

प्रश्न : पुढच्या सत्रात हाच विषय सकाळी सातच्या किंवा दुपारी दोनच्या तुकडीत घेता येतो. सातला शिकवणारे सर फार चांगले आहेत म्हणतात. काय घेऊ?

उत्तर : शिकवणारे सारखेच असते, तर डोळे मिटून दोनची तुकडी घे म्हटलं असतं. एक गोष्ट घेताना जी दुसरी हातची सुटते, तो तिचा संधी खर्च; इथे दोनचा संधी खर्च म्हणजे ते सर. आधी एक दिवस सातच्या वर्गात मागे जाऊन बस आणि सरांकडे बघू नकोस, मुलांकडे बघ. निम्मी मुलं जागी दिसली, तर सातलाच नाव घाल.