सरकार नसलेल्या संस्था खरंच मुत्सद्देगिरी करू शकतात का?

हो, आणि कधीकधी सरकारांना जमत नाही तेही करून दाखवतात. आफ्रिकेतल्या मोझांबिकचंच घ्या. तिथलं फ्रेलिमो पक्षाचं सरकार आणि रेनामो या गटाचे बंडखोर १९७७ पासून लढत होते. एकमेकांना मान्यताच द्यायची नाही म्हटल्यावर बोलणी घडवणार कोण? ती घडवली रोममधल्या सांत एजिदिओ या कॅथलिक संघटनेने. जुलै १९९० मध्ये त्रास्तेवेरे भागातल्या तिच्या जुन्या मठात दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. मध्यस्थ चार: संघटनेचे दोघे, मोझांबिकमधल्या बैरा शहराचे आर्चबिशप आणि एक इटालियन राजकारणी. संघटनेकडे ना सैन्य, ना कुणावर दबाव टाकायची ताकद. माझ्या मते म्हणूनच दोघांनाही तिची भीती वाटली नाही. ४ ऑक्टोबर १९९२ ला शांतता करार झाला.

अर्थात हुरळून जाऊ नका. शस्त्रं जमा करायला आणि १९९४ ची निवडणूक पार पाडायला संयुक्त राष्ट्रांची फौजच लागली.

कंपन्याही सरकार नसलेल्याच संस्था, पण त्यांचं प्रकरण मात्र वेगळं. डेन्मार्कने २०१७ मध्ये चक्क बड्या टेक कंपन्यांशी बोलायला राजदूत नेमला! मठातल्या मध्यस्थांनाही कुणी निवडून दिलं नव्हतं, पण त्यांच्याकडे या कंपन्यांसारखा कोट्यवधी लोकांचा डेटा नव्हता. मला धास्ती वाटते ती इथे.