शब्दकोश जरा नंतर उघडा
अनोळखी इंग्रजी वाक्प्रचार दिसला की लगेच शब्दकोशाकडे धावू नका. आधी मागचं-पुढचं वाचा. कोण, कुणाशी, कुठल्या सुरात बोलतंय ते बघा. एकजण म्हणतो, फार दमलोय. दुसरा म्हणतो, ‘टेल मी अबाउट इट.’ तो काही माहिती विचारत नाहीये, ‘माझीही तीच गत’ म्हणतोय. चहा विचारल्यावर ‘आय ॲम गुड’ आलं तर तो नकार समजा. ‘क्वाइट गुड’ तर भलतंच फसवं: अमेरिकन माणूस खरंच कौतुक करत असतो, ब्रिटिश बऱ्याचदा ‘ठीक आहे’ एवढंच सुचवतो. अर्बन डिक्शनरी ही बोलीतल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ देणारी वेबसाइट १९९९पासून आहे, कामाचीही आहे. पण तिथे कुणीही अर्थ लिहितं, तेव्हा दोन-चार नोंदी ताडून बघा. आणि अर्थ कळला म्हणून लगेच साहेबांच्या ईमेलमध्ये वापरू नका!