वाचक विचारतात : जहाजावर व्हीलचेअर कुठवर जाते?

गेल्या अंकात अपंग प्रवाशांसाठी संग्रहालयांविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत जुन्या जहाजांबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. अर्धांगवायूनंतर उजवी बाजू कमजोर झाली. धरून दोन-चार पावलं चालतात, एरवी व्हीलचेअर लागते. जूनमध्ये लंडनला भावाकडे जातोय. त्यांना ‘कटी सार्क’ आणि ‘एचएमएस बेलफास्ट’ ही दोन्ही जहाजं बघायची आहेत. कुणी म्हणतं व्हीलचेअर जाते, कुणी म्हणतं विसरा. खरं काय? (सांगली)

उत्तर : जहाजाच्या बाबतीत ‘जाता येतं का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कोणत्या डेकपर्यंत?’ असं विचारायचं. जहाज म्हणजे एकावर एक रचलेले मजले. मूळ वाट शिड्यांची आणि प्रत्येक दाराला पाणी अडवणारा उंबरा. यातलं किती बदललंय, त्यावर सगळं ठरतं.

‘कटी सार्क’ १८६९ चं, चहा वाहणारं शिडाचं जहाज. १९५४ पासून ते ग्रीनिचला कोरड्या गोदीत उभं आहे. २००७ मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याला आग लागली. २०१२ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा अख्खं जहाज सुमारे ३ मीटर वर उचलून धरलेलं होतं आणि डेकवर न्यायला लिफ्ट आली होती. खालच्या माल ठेवायच्या जागेतून सुरुवात होते, मग वरचे डेक, आणि शेवटी थेट जहाजाच्या पोटाखाली. तिथे माथ्यावर तांबूस पत्र्याने मढवलेला तळ दिसतो, समोर जहाजांच्या नाळेवरचे रंगीत लाकडी पुतळे मांडलेत. वडिलांना याच जागी जास्त वेळ द्या. जमीन सपाट आहे, पाऊस लागत नाही आणि बघायलाही भरपूर आहे.

वरच्या उघड्या डेकवर एक गोष्ट सांभाळा. पाणी वाहून जावं म्हणून जहाजाचा डेक मधोमध किंचित फुगीर आणि कडांना उतरता असतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, व्हीलचेअरला मात्र लगेच कळतं. ती सारखी कठड्याकडे ओढली जाते. थांबताना दोन्ही ब्रेक लावा. एकच लावला तर खुर्ची त्या चाकाभोवती फिरते. वडिलांचा उजवा हात चालत नसेल तर उजव्या ब्रेकच्या दांड्यावर १५-२० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घट्ट बसवा, म्हणजे डाव्या हातानेही तो ओढता येईल. वरच्या खोल्यांना उंबरे आहेत, त्या दारातूनच बघायच्या.

ग्रीनिचला जायला डीएलआर ही रेल्वे सगळ्यात सोयीची, कारण तिच्या सगळ्या स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी चढावी लागत नाही. तिकीट आधी काढा आणि काढतानाच व्हीलचेअर असल्याचं कळवा. आग लागली तर लिफ्ट बंद होते, म्हणून एका वेळी किती व्हीलचेअर वर सोडायच्या यावर अशा जहाजांवर मर्यादा असू शकते. ऐन दुपारी न सांगता गेलात तर खोळंबून राहावं लागेल. सोबत्याला तिकीट लागतं का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

‘बेलफास्ट’चं प्रकरण वेगळं. १९३८ साली पाण्यात सोडलेली ही युद्धनौका अजूनही थेम्स नदीत तरंगते. लंडनमध्ये मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी ७ मीटरपर्यंत बदलते. त्यामुळे जहाजावर नेणाऱ्या गँगवेचा उतार सकाळी एक आणि दुपारी दुसराच. त्या दिवशीची भरतीची वेळ बघा आणि कोणत्या वेळी उतार सौम्य असतो ते फोनवर विचारा. इंजिनघर, बॉयलरघर आणि तोफांचे वरचे बुरूज उभ्या लोखंडी शिड्यांनीच गाठावे लागतात. शिडीला दोन्ही हातांची पकड लागते, तेव्हा वडिलांसाठी हा भाग सोडाच. मोकळ्या डेकवरून तोफा आणि टॉवर ब्रिज दिसतो, तेवढ्यासाठी पूर्ण तिकिटाचे पैसे मोजायचे का हे तुम्ही ठरवा. एकच दिवस हातात असेल तर आम्ही ग्रीनिचलाच पाठवू.

प्रश्न : मला लहानपणापासून पोलिओ आहे. डाव्या पायात मांडीपर्यंतचा कॅलिपर आणि दोन कुबड्या. विशाखापट्टणमची पाणबुडी आतून बघता येईल का? (नाशिक)

उत्तर : ‘आयएनएस कुरसुरा’ ही रशियन बनावटीची पाणबुडी. १९६९ ते २००१ नौदलात होती, २००२ पासून आर. के. बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. आत सात कप्पे एकामागे एक. कप्प्यांमध्ये जाड पोलादी भिंती, आणि त्यांत एका वेळी एकच माणूस वाकून जाईल अशी गोल दारं. प्रवेश एका टोकाने, बाहेर पडायचं दुसऱ्या टोकाने, आणि दोन्हीकडे जिना. व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही.

कॅलिपर घालणाऱ्याची खरी अडचण त्या गोल दारातच होते. कॅलिपरच्या गुडघ्याच्या सांध्याला असलेलं कुलूप लावलेलं असलं की पाय सरळ राहतो, आणि सरळ पाय उंच उंबऱ्यावरून वाकून पलीकडे टाकता येत नाही. हे जमतं ते असं : कुबड्या सोबत्याकडे देऊन त्याला आधी पलीकडे पाठवा. दाराच्या कडेवर बसा. कुलूप सोडा. दोन्ही हातांनी कॅलिपर उचलून पाय पलीकडे न्या, मग दुसरा पाय. उभं राहिल्यावर पुन्हा कुलूप लावा आणि ‘खट्’ आवाज आल्याशिवाय त्या पायावर भार देऊ नका. एका दाराला हे ठीक आहे. पण अशी दारं एकामागून एक येतात, मागून रांग ढकलत असते आणि मधूनच परतायची सोय नसते. खांदे दुखत असतील, किंवा अलीकडे पोलिओनंतरचा थकवा जाणवू लागला असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे की आत जाऊ नका. ९१ मीटर लांबीची पाणबुडी बाहेरून नाळेपासून पंख्यापर्यंत पूर्ण दिसते. पाण्यातली असती तर तेवढी कधीच दिसली नसती.

जायचंच ठरवलंत तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, उघडल्या-उघडल्या जा. घरून निघायच्या आधी कुबड्यांची रबरी बुचं बदला. तळाच्या खाचा झिजून बूच गुळगुळीत झालं की रंगवलेल्या पोलादावर ते सरळ घसरतं, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत तर हमखास.

प्रश्न : मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही, अंधारात काहीच नाही. मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमध्ये आहे असं वाचलं. बघायला जाण्यात अर्थ आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे, आणि तुमच्यासाठी हाताने बघण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. याच्या बांधणीचे पहिले नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून येत होते, ते १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती लागलं, म्हणून काम रखडलं. इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती आणि आपला साग समुद्राच्या पाण्यात टिकायचा. दोनशेहून जास्त वर्षांनंतर हे जहाज हार्टलपूलला अजून तरंगतंय. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून हार्टलपूलला थेट गाड्या आहेत. स्थानकावर मदतीला माणूस हवा असेल तर ‘पॅसेंजर असिस्ट’ या तिकडच्या रेल्वेच्या मदतसेवेत किमान दोन तास आधी नोंदवा.

तुम्हाला दोन जागी धोका आहे. पहिला म्हणजे उन्हातून खालच्या डेकवर उतरतानाचा क्षण. शिडीच्या तळाशी कठडा धरून बाजूला उभे राहा, डोळे सरावल्याशिवाय पाऊल टाकू नका. दुसरा धोका डोक्याजवळच्या तुळयांचा. जुन्या युद्धनौकांत खालच्या डेकची उंची इतकी कमी असते की सरळ उभं राहता येत नाही. कडक झापेची टोपी घाला, म्हणजे कपाळाआधी झाप आपटेल.

शिडी नेहमी शिडीकडे तोंड करून उतरायची, घरच्या जिन्यासारखी पुढे तोंड करून नाही. पांढरी काठी घडी करून सोबत्याकडे द्या, दोन्ही हात कठड्याला, सोबती एक पायरी खाली. डेकवर लाकडी जाळ्या आणि दोराच्या लोखंडी कड्या असतात. काठीचं टोक जाळीत अडकतं, म्हणून तिथे काठी टेकवत न्या, सरकवत नको. जाण्याआधी एक ईमेल करा आणि कोणत्या वस्तूंना हात लावता येईल ते लेखी विचारून ठेवा. दारावरच्या माणसाला प्रत्येक वेळी हे ठाऊक असेलच असं नाही.

प्रश्न : आपली व्हीलचेअर न्यावी की तिकडची घ्यावी? बॅटरीवर चालणारी आहे. (पुणे)

उत्तर : जहाजासाठी अरुंद, हलकी, हाताने ढकलायची खुर्ची बरी. रुंदी मोजताना बसायची जागा मोजू नका, दोन्ही चाकांवरच्या कड्यांमधलं बाहेरून-बाहेर अंतर मोजा. १८ इंची बैठकीची घडीची खुर्ची बाहेरून साधारण ६५ सेंटिमीटर भरते. त्यात बोटांसाठी ५ सेंटिमीटर मिळवा. हा आकडा आणि खुर्चीचं वजन संग्रहालयाला कळवा, ‘साधी व्हीलचेअर’ म्हणून कुणाला काही कळत नाही.

बॅटरीची खुर्ची न्यायचीच असेल तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी सांगा. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवर क्षमतेपर्यंतची चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. ती काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, हातातल्या सामानात न्यावी लागते. बॅटरीवरचा आकडा पुसट झाला असेल तर बनवणाऱ्याकडून छापील कागद घ्या. विमानतळावर वाद होतो तो बहुतेक वेळा याच आकड्यावरून.